न झालेल्या सौद्यांची विमाने: हल्ल्याच्या विमानासाठी काल्पनिक परदेशी वापरकर्ता कसा रचावा

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, असे म्हणून आपल्याकडे जर-तरच्या गप्पांना पूर्णविराम दिला जातो. विमानांची मॉडेल बांधणाऱ्यांच्या आणि विमानांचा इतिहास वाचणाऱ्यांच्या जगात मात्र एक शाखा अशी आहे, की जिथे गप्पा याच वाक्यापासून सुरू होतात. मिशा असत्या तर त्या कोणत्या वळणाच्या असत्या, त्या ठेवायला घरातून परवानगी कोणी दिली असती आणि त्यांना लावायचे तेल कोणाकडून आणावे लागले असते, हे प्रश्न तिथे गांभीर्याने विचारले जातात. एखाद्या देशाने प्रत्यक्षात कधीही न उडवलेले विमान त्या देशाच्या वायुदलात आहे अशी कल्पना करायची आणि मग त्याची खरेदी, तळ, रंग, क्रमांक, नाव आणि निवृत्ती यांचा पटेल असा इतिहास रचायचा, असा हा छंद आहे. कोणी तो १:७२ प्रमाणातल्या प्लास्टिकच्या मॉडेलवर करतो, कोणी कागदावर बाजूचे चित्र काढून करतो, तर कोणी नुसता मजकूर लिहितो.

या छंदासाठी हल्ल्याची विमाने, म्हणजे आकाशातल्या झुंजीसाठी नव्हे तर जमिनीवरच्या किंवा समुद्रातल्या लक्ष्यावर मारा करण्यासाठी बांधलेली विमाने, मला सर्वांत योग्य वाटतात. झुंजीचे विमान देश पुष्कळदा शेजाऱ्याकडे आहे म्हणून किंवा मिरवायला हवे म्हणूनही घेतात. हल्ल्याचे विमान घेताना मात्र कोणता पूल पाडायचा आहे, कोणाचे रणगाडे अडवायचे आहेत आणि तिथवर जाऊन परत येण्याइतके इंधन बसते का, हे आधी ठरलेले असते. त्यामुळे काल्पनिक वापरकर्ता रचतानाही हेच प्रश्न सोडवावे लागतात आणि सगळी गंमत त्या सोडवणुकीत आहे.

नकारापासून सुरुवात करावी

नवशिक्याची नेहमीची चूक अशी, की तो आवडते विमान घेतो, आवडता देश घेतो आणि एकावर दुसऱ्याचे चिन्ह चिकटवून मोकळा होतो. याचा सर्वांत मोठा बळी अमेरिकेचे ए-१० हे विमान आहे. सात नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ, वैमानिकाभोवती टायटॅनियमचे कवच आणि शेपटीजवळ उंचावर बसवलेली दोन इंजिने असे हे विमान दिसायलाही अनोखे असल्यामुळे जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशाचे चिन्ह त्यावर कोणी ना कोणी रंगवून झालेले आहे. प्रत्यक्षात सातशेहून अधिक विमाने बांधून १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले आणि अमेरिकेखेरीज एकाही देशाच्या दलात ते गेले नाही.

ते का गेले नाही, हे आधी समजून घ्यावे. ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या या विमानाला आपले काम करता यावे म्हणून वरचे आकाश दुसऱ्या कोणीतरी राखावे लागते. ज्या देशाला एकाच विमानाकडून चार कामे करून घ्यायची असतात, त्याला असे एककलमी यंत्र परवडत नाही. त्या काळात रणगाड्यांची सर्वाधिक धास्ती असलेल्या देशांत पश्चिम जर्मनी अग्रभागी होता, पण त्याने १७५ आल्फा जेट घेतली. ती लहान, स्वस्त आणि मुळात प्रशिक्षणाच्या विमानातून निघालेली होती. शिवाय अमेरिकेची स्वतःची ए-१० इंग्लंडमधल्या बेंटवॉटर्स आणि वुडब्रिज या तळांवर राहत आणि तिथून आळीपाळीने जर्मनीतल्या पुढच्या तळांवर जात. शेजारी रोज आपली गाडी घेऊन दाराशी उभा राहत असेल तर माणूस स्वतः गाडी घेत नाही. जर्मन ए-१० रचायचे असेल, तर इंग्लंडमधली ती अमेरिकी विमाने आधी कथेतून हलवावी लागतील.

म्हणून माझा पहिला नियम असा, की विमानापासून किंवा झेंड्यापासून सुरुवात न करता खऱ्या इतिहासातल्या एखाद्या नकारापासून करावी. असे नकार भरपूर सापडतात. १९७६ साली अमेरिकेने पाकिस्तानला ए-७ कोर्सेअर जातीची ११० विमाने देऊ केली होती. अट अशी होती, की फ्रान्सकडून मिळणारा अणुइंधन पुनर्प्रक्रिया प्रकल्प पाकिस्तानने सोडावा. भुट्टो यांनी तो सोडला नाही, पुढच्या वर्षी कार्टर प्रशासनाने विमानांना नकार दिला आणि १९७८ मध्ये फ्रान्सनेही प्रकल्पातून अंग काढून घेतले. तेलही गेले आणि तूपही गेले, अशी ती अवस्था होती. हेच ए-७ स्वित्झर्लंडने चाचण्यांमध्ये पसंत केले होते, पण सप्टेंबर १९७२ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने ते नाकारले आणि जुन्या हंटर विमानांवरच भर दिला. दक्षिण आफ्रिकेने ब्रिटनकडून १६ बुकेनिअर मागवली आणि आणखी १४ घेण्याचा हक्क राखून ठेवला. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार आल्यावर ती पुढची १४ मिळाली नाहीत. चीनने सत्तरच्या दशकात ब्रिटनकडे हॅरिअरची विचारणा केली होती. फेब्रुवारी १९७९ मध्ये चिनी फौजा व्हिएतनाममध्ये शिरल्यावर ती बोलणी थंडावली.

या प्रत्येक नकारात कथेचे बी तयारच आहे, कारण घेणारा, देणारा, आकडा आणि कारण या चारही गोष्टी इतिहासाने पुरवल्या आहेत. आपल्याला फक्त एक खिळा काढायचा असतो.

एकच खिळा काढावा, आणि तो विचार करून काढावा

पुढची सगळी रीत मी एकाच उदाहरणावर दाखवतो. ते उदाहरण आपल्या घरचे आहे: भारतीय वायुदलातले स्वीडिश विगेन.

सत्तरच्या दशकात भारतीय वायुदलाला कॅनबेरा आणि हंटर यांच्या जागी शत्रूच्या प्रदेशात खोलवर शिरून मारा करणारे विमान हवे होते. स्पर्धेत अँग्लो-फ्रेंच जॅग्वार, फ्रेंच मिराज एफ-१ आणि साब कंपनीचे विगेन ही तीन नावे होती. या निवडीच्या बऱ्याच काळात वायुदलप्रमुख होते हृषीकेश मुळगावकर. सप्टेंबर १९७८ मध्ये ते पद इद्रिस हसन लतीफ यांच्याकडे गेले, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ऑक्टोबर १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने जॅग्वारची निवड जाहीर केली. विगेन त्याआधीच शर्यतीतून बाद झाले होते. त्याचे आरएम-८ हे इंजिन स्वीडनमध्ये बनत असले, तरी त्याचा पाया प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकी कंपनीचे जेटी-८डी हे इंजिन होते, आणि ते भारताला विकण्याची परवानगी अमेरिकेने दिली नाही.

आता या ठिकाणी कोणता खिळा काढावा? माझ्यासमोर दोन वाटा होत्या.

पहिली वाट फार देखणी आहे. विगेनचा आराखडा तयार होत असताना साबच्या मनात आधी रोल्स-रॉइसचे मेडवे हे ब्रिटिश इंजिन होते. ते इंजिन ट्रायडेंट या प्रवासी विमानासाठी बनायचे होते. पण १९५९ मध्ये बीईए या ब्रिटिश विमान कंपनीने ट्रायडेंट लहान करून मागितले, त्यासाठी लहान इंजिन पुरेसे ठरले आणि मेडवे मागे पडले. म्हणजे लंडनमधल्या एका प्रवासी कंपनीने आसने कमी केली नसती, तर विगेनमध्ये अमेरिकी इंजिन आलेच नसते आणि १९७८ मध्ये वॉशिंग्टनला नकार देण्याचा अधिकारही उरला नसता. इतका लहान खिळा आणि इतका लांबचा परिणाम पाहून कोणीही हुरळून जाईल, तसा मीही हुरळलो होतो. चार पाने लिहून झाल्यावर लक्षात आले, की मग इंजिनाचा मालक ब्रिटन झाला असता, आणि त्याच स्पर्धेत ब्रिटन स्वतः जॅग्वार विकायला बसला होता. आपल्या प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या इंजिनाची परवानगी देण्याइतका उदार विक्रेता मी तरी पाहिलेला नाही. चारही पाने फाडली.

दुसरी वाट कमी देखणी, पण टिकाऊ आहे. अमेरिकेचा नकार कोणत्या वातावरणात आला, ते पाहावे. कार्टर जानेवारी १९७८ मध्ये दिल्लीला आले होते, आणि तेव्हाचा मुख्य कज्जा आपल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांना लागणाऱ्या अमेरिकी इंधनाचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत अण्वस्त्रप्रसाराला आळा घालणारा कायदा झाला आणि तारापूरचा पेच अधिकच घट्ट झाला. माझ्या कथेत तो पेच सुटत नाही, कारण देसाई यांना वाकवणे हे मोठेच खोटे झाले असते. मी फक्त एवढेच बदलले, की इंधनाबाबत द्यायचा नकार देऊन झाल्यावर, निदान इंजिनाच्या बाबतीत तरी भारताला चुचकारावे, असे कोणातरी अमेरिकी अधिकाऱ्याच्या टिपणात लिहिले गेले आणि ते टिपण वरपर्यंत मान्य झाले. माणसे तीच, सरकारे तीच, भांडणेही तीच राहिली. एका फायलीवरचा शेरा बदलला. खिळा असा काढावा, की भिंतीला तो निघाल्याचे कळू नये.

आलेल्याने कोणाची जागा घेतली ते ठरवावे

वायुदलाचा पैसा मोजका असतो. काल्पनिक विमान आले की खरे विमान गेले पाहिजे. जो लेखक दोन्ही ठेवतो, तो हिशेबात कच्चा आहे. भारतीय विगेन आले तर जॅग्वार गेले, म्हणजे अंबाल्याच्या १४ आणि ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रन, गोरखपूरच्या १६ आणि २७ क्रमांकाच्या स्क्वाड्रन आणि आपल्या लोहगावची सागरी हल्ल्याची ६ क्रमांकाची स्क्वाड्रन, या सगळ्यांना नवे विमान द्यावे लागते.

आकडेही खऱ्या सौद्यावरून घ्यावेत. जॅग्वारच्या वेळी ब्रिटिश वायुदलाने आपली १८ विमाने उसनी दिली, ४० ब्रिटनमध्ये बनून आली आणि पुढची हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगळूरला जोडली आणि बांधली. उसन्या विमानांमुळे जुलै १९७९ मध्येच, म्हणजे निर्णयानंतर नऊ महिन्यांत, पहिली जॅग्वार अंबाल्याला उतरली. स्वीडनला हे जमले असते का? हल्ल्याची एजे-३७ ही आवृत्ती १९७१ पासून सेवेत होती आणि तिची सुमारे शंभरच विमाने बनली होती. सत्तरीच्या अखेरीस साबचा लिंकोपिंगचा कारखाना झुंजीच्या जेए-३७ आवृत्तीकडे वळला होता. स्वतःच्या शंभरातून अठरा काढून देणे तटस्थ स्वीडनला जड गेले असते. म्हणून माझ्या कथेत उसनी विमाने फक्त सहा आहेत, ती वैमानिकांच्या शिक्षणापुरती आहेत आणि पहिली स्क्वाड्रन उभी राहायला १९८१ उजाडते. काल्पनिक सौदा खऱ्यापेक्षा थोडा उशिरा आणि थोडा महाग दाखवला, की वाचकाचा विश्वास बसतो. संरक्षण खरेदीत वेळेवर आलेली वस्तू हीच मुळात संशयास्पद असते.

इंजिन, धावपट्टी आणि माणसे

इथे थोडे थांबावे लागते, कारण कथा पटते की कोसळते ते याच टप्प्यावर ठरते.

विगेनला एकच इंजिन आहे, जॅग्वारला दोन आहेत. भारतात कमी उंचीवरून वेगाने जाणाऱ्या विमानाला पक्ष्यांची धडक हा रोजचा धोका आहे आणि एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्यावर घरी येता येणे ही जॅग्वारची मोठी जमेची बाजू होती. उलट अंबाल्याच्या मे महिन्यातल्या उन्हात जॅग्वारची अडूर इंजिने दमतात, ही त्याची जुनी दुखरी नस आहे. पृथ्वी गोल आहे म्हणूनच जॅग्वार जमीन सोडते, असा विनोद ब्रिटिश वैमानिकांतच प्रचलित होता. विगेनच्या एका इंजिनाची ताकद आफ्टरबर्नरसह, म्हणजे झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणाऱ्या यंत्रणेसह, सुमारे ११५ किलोन्यूटन होती, त्यामुळे ती तक्रार तरी उरली नसती. म्हणजे काल्पनिक भारतीय वायुदलात तक्रारी कमी होत नाहीत, फक्त बदलतात. सत्तरीच्या मध्याला पंखांच्या मुख्य तुळईत दोष आढळून स्वीडनने काही विगेन गमावली होती. आपल्या चाचणी वैमानिकांनी त्यावर नक्कीच खोदून प्रश्न विचारले असते, आणि ते प्रश्न कथेत यावेत.

दुसरी गंमत मला बरीच उशिरा सापडली. ज्या जेटी-८डी इंजिनावर आरएम-८ आधारलेले होते, तेच मूळ इंजिन बोइंग ७३७-२०० या प्रवासी विमानांना असे, आणि इंडियन एअरलाइन्स ती विमाने १९७० पासून वापरत होती. म्हणजे मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या प्रवाशाच्या पंखाखाली विगेनच्या इंजिनाचा चुलतभाऊ होता! आफ्टरबर्नर आणि उतरल्यावर झोत उलटा फिरवणारी यंत्रणा स्वीडिश होती, त्यामुळे सुटे भाग जसेच्या तसे चालले नसते. तरीही त्या इंजिनाचा गाभा ओळखणारे मेकॅनिक देशात होते. अशी खरी, क्षुल्लक वाटणारी माहिती हाती लागली, की दहा कल्पना रचण्यापेक्षा तिच्याभोवती एक परिच्छेद लिहावा.

विगेनचा सर्वांत मोठा गुण म्हणजे लहान धावपट्टी. युद्ध सुरू होताच तळ सोडून महामार्गाच्या सरळ तुकड्यांवर विखरून राहायचे, सुमारे पाचशे मीटरवर उतरायचे, झोत उलटा करून थांबायचे आणि सक्तीच्या लष्करी सेवेतल्या तरुणांकडून इंधन आणि शस्त्रे भरून घेऊन पुन्हा निघायचे, अशी स्वीडनची योजना होती. हा गुण भारतात तसाच आणणे हा मोह टाळावा. १९८१ च्या पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या आणि दोन्ही बाजूंना झाडे होती. आपल्या वायुदलाचे लढाऊ विमान महामार्गावर प्रथम उतरले तेच मे २०१५ मध्ये, यमुना एक्स्प्रेसवेवर, आणि ते मिराज २००० होते. माझ्या कथेत विगेनचा हा गुण महामार्गासाठी न वापरता तळावरची धावपट्टी बॉम्बने फुटल्यावर उरलेल्या तुकड्यावरून उडण्यासाठी वापरला आहे. १९६५ आणि १९७१ पाहिलेल्या अधिकाऱ्यांना त्या गुणाची किंमत सांगावी लागली नसती.

निवाऱ्याचे माप घ्यायलाही विसरू नये. विगेनचा पंखविस्तार १०.६ मीटर आहे, जॅग्वारचा ८.७ च्या आसपास. स्वीडनच्या भूमिगत निवाऱ्यांसाठी विगेनचे शेपटीचे उभे पाते आडवे दुमडता येते, पण पंख दुमडत नाहीत. स्विस ए-७ रचणाऱ्याने हेच गणित डोंगरातल्या गुहांसाठी करावे. ए-७ मुळात विमानवाहू जहाजासाठी बनले असल्यामुळे त्याचे पंख दुमडतात, आणि स्विस कथेत तो तपशील सोन्याचा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या खऱ्या बुकेनिअरकडे पाहिले, तर उंच आणि उष्ण तळांवरून भरलेल्या वजनाने उडता यावे म्हणून त्यांच्यात जादा रॉकेट इंजिन बसवले होते. भूगोल यंत्रात असा दिसतो.

शस्त्रांवर मी फार वेळ घालवत नाही. घेणारा देश हाताशी असलेलीच बहुतेक शस्त्रे टांगतो. एक गोष्ट मात्र नोंदवावी. साध्या जॅग्वारच्या नाकात तेव्हा रडार नव्हते, म्हणून लोहगावच्या स्क्वाड्रनसाठी अगाव्ह रडार बसवलेली खास सागरी आवृत्ती बनवावी लागली. हल्ल्याच्या प्रत्येक विगेनच्या नाकात रडार होते आणि बाल्टिक समुद्रातली जहाजे बुडवणे हे त्याचे जन्मजात काम होते. त्यामुळे काल्पनिक लोहगावला वेगळी आवृत्ती लागतच नाही. एका विमानाच्या जागी दुसरे ठेवल्यावर कोणते खरे विमान अनावश्यक होते, हे शोधणे मला रंगकामापेक्षाही आवडते.

नाव, क्रमांक आणि रंग

आता मॉडेल टेबलावर घ्यावे. भारतीय वायुदलाचे गोल चिन्ह बाहेर केशरी, मधे पांढरे आणि आत हिरवे असे आहे; घाईत ते उलटे चिकटवलेली मॉडेल मी प्रदर्शनांत पाहिली आहेत. क्रमांकासाठी त्या दलाची रीत अभ्यासावी. जॅग्वारच्या एक आसनी विमानांना जेएस, दोन आसनींना जेटी आणि सागरी आवृत्तीला जेएम अशी अक्षरे आहेत; मिराज २००० ला केएफ आणि केटी. माझ्या कथेत जॅग्वार आलेच नाही, म्हणून जे हे अक्षर मोकळे झाले आणि ते मी विगेनला दिले. दोन आसनी विगेन करायचे असेल तर लक्षात ठेवावे, की स्वीडनच्या शिक्षण आवृत्तीत मागच्या शिक्षकाला पुढचे दिसावे म्हणून दोन पेरिस्कोप होते. केसाएवढे ते दोन तुकडे कापताना मी ब्लेडने अंगठा कापून घेतला, पण ते नसतील तर मॉडेल ओळखीचे वाटत नाही.

रंगाच्या बाबतीत स्वीडनची चार रंगांची, काचेच्या तुकड्यांसारखी टोकदार नक्षी कितीही सुंदर असली तरी ती मोह पाडते म्हणूनच टाळावी. भारतीय जॅग्वार करड्या आणि गडद हिरव्या पट्ट्यांत रंगवली गेली होती, आणि काम तेच असल्यामुळे विगेनलाही तेच शोभते. उसन्या सहा विमानांचा अपवाद करावा. ती घाईत आलेली असल्यामुळे त्यांच्यावर स्वीडिश नक्षी तशीच राहिली, फक्त तीन मुकुटांच्या चिन्हावर चौकोनी ताजा रंग फासून त्यावर आपले चिन्ह बसवले. तो ताजा चौकोन भोवतालच्या रंगापेक्षा किंचित गडद ठेवला, की पाहणारा जवळ वाकतो आणि ही विमाने दुसऱ्याच्या घरून आली आहेत हे त्याला न सांगता कळते.

नावाची कथा मात्र मला रचावी लागली नाही. आपले वायुदल परदेशी विमानांना देशी नावे देते: जॅग्वारला शमशेर, मिग-२७ ला बहादुर, मिग-२९ ला बाज, मिराज २००० ला वज्र. स्वीडिश भाषेत विगेन या शब्दाचा अर्थ विजेचा लोळ, थॉर देवाच्या हातोड्यातून सुटणारा. म्हणजे भाषांतर करायचे तर शब्द तयारच आहे, वज्र! पण मग पुढे मिराज येईल तेव्हा ते नाव संपलेले असेल. माझ्या कथेत मिराजला त्यामुळे शमशेर हे मोकळे झालेले नाव मिळाले. त्याच स्वीडिश शब्दाचा दुसरा अर्थ एक प्रकारचे बदक असा आहे, जे हिवाळ्यात आपल्या जलाशयांवर येते आणि ज्याला मराठीत शेंडी बदक म्हणतात. वायुदलाने विमानाचे नाव शेंडी बदक ठेवले असते असे मला वाटत नाही, पण स्क्वाड्रनमधल्या वैमानिकांनी आपापसांत नक्की ठेवले असते, आणि म्हणून माझ्या मॉडेलच्या नाकाच्या चाकाच्या झडपेवर आतून एक काळे-पांढरे बदक रंगवलेले आहे.

काळ पुढे न्यावा

विमान आले, रंगले आणि उडाले, इथेच बहुतेक कथा थांबतात. खरे विमान तीस-चाळीस वर्षे जगते; ते पडते, त्याचे सुटे भाग संपतात, त्याच्यात नवी उपकरणे बसतात. आपल्या नौदलाची सी हॅरिअर डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याच्या दाबोळी तळावर आली आणि मे २०१६ मध्ये निवृत्त झाली. या काळात त्या लहानशा ताफ्याचा मोठा हिस्सा अपघातांत गेला. काल्पनिक ताफ्यालाही अशी गळती लावावी. शंभर विमाने आणून वीस वर्षांनी शंभरच दाखवणारा लेखक इतिहास लिहीत नसून किराणा मोजत असतो.

भारतीय विगेनची खरी परीक्षा १९९८ साली येते. पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे सुट्या भागांअभावी जमिनीवर अडकली, कारण ब्रिटनमध्ये बनलेल्या त्या यंत्रांतही अमेरिकी भाग होते. ज्या विमानाच्या इंजिनाचा गाभाच अमेरिकी, त्याचे काय झाले असते ते सांगायला नको. आणि पुढच्याच वर्षी कारगिल. माझ्या कथेत १९९९ च्या उन्हाळ्यात विगेनच्या पाचपैकी दोन स्क्वाड्रन उडत नाहीत, बाकीच्यांना त्यांचे भाग काढून दिलेले आहेत, आणि निवृत्त झालेल्या ७३७ च्या इंजिनांतून काय काय काढता येईल यावर बंगळूरमध्ये बैठका चालू आहेत. १९७८ मध्ये फायलीवर बदललेल्या शेऱ्याची किंमत एकवीस वर्षांनी अशी वसूल होते. त्या युद्धातल्या एखाद्या खऱ्या मोहिमेत मात्र मी काल्पनिक विमान घातलेले नाही, कारण ती कामगिरी आणि ते मृत्यू खऱ्या माणसांचे आहेत, आणि त्यांच्या जागी प्लास्टिकचे विमान ठेवण्याचा अधिकार मला नाही.

निवृत्तीचेही तसेच. स्वीडनने लढाऊ सेवेतली आपली शेवटची विगेन २००५ मध्ये थांबवली. भारत मात्र वस्तू टाकत नाही. जॅग्वारच्या बाबतीत इतरांनी ते विमान सोडून दिल्यावर सुट्या भागांसाठी फ्रान्सकडून ३१ जुने सांगाडे आणले गेले. काल्पनिक भारतानेही २००६ मध्ये स्वीडनच्या गोदामांतले सांगाडे उचलले असते आणि २०२० नंतरही एखादी स्क्वाड्रन उडवली असती.

लिहिताना

मजकूर सरकारी नोंदीइतका कोरडा असावा. "या विलक्षण विमानाने शत्रूच्या उरात धडकी भरवली" असे वाक्य लिहिले की वाचक उठून जातो. त्याऐवजी असे लिहावे: "१४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे रूपांतर मार्च १९८१ मध्ये सुरू झाले. हँगरच्या दाराची रुंदी वाढवण्याचे काम पावसाळ्यामुळे रखडल्याने पहिली चार विमाने ऑक्टोबरपर्यंत उघड्यावर ठेवण्यात आली." रखडलेले दार हे काल्पनिक आहे, पण वाचकाने अशी दारे पाहिलेली असतात.

आणि मॉडेलवर, चित्रावर, मजकुराच्या माथ्यावर "काल्पनिक" हा शब्द असा लिहावा की तो कापून टाकता येणार नाही. मी तो आधी फक्त मॉडेलखालच्या लाकडी पाटावर लिहीत असे. कोणीतरी माझ्या विगेनचे छायाचित्र पाट वगळून पुढे पाठवले, आणि आठवड्याभरात ते फिरत फिरत माझ्याकडेच परत आले. त्याखाली निवृत्त असल्याचे सांगणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिले होते, की हे विमान त्यांनी अंबाल्याला स्वतः धुतले आहे आणि त्याच्या चाकाच्या झडपेवर एक बदक असायचे.